आभास आणि अभ्यास : मज्जाविकारांच्या पुनर्वसनातील ‘आभासी वास्तवा’चा इतिहास

‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ या संज्ञेस मराठीत ‘आभासी वास्तव’ हा प्रतिशब्द आता इतका रूढ झाला आहे की, त्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा पुन्हा उकरून काढणे काहींना निरर्थक वाटेल. तथापि ज्या क्षेत्रात या संज्ञेचा संबंध करमणुकीशी नसून रुग्णाच्या लुळ्या पडलेल्या हातापायांशी येतो, त्या क्षेत्राचा इतिहास पाहताना शब्दाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. लॅटिन ‘विर्तुस’ म्हणजे सामर्थ्य, गुण, कर्तृत्व. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये जे विशेषण सिद्ध झाले, त्याचा रोख ‘रूपाने नसले तरी परिणामाने असलेले’ या अर्थाकडे होता. आमच्या ‘आभास’ शब्दाचा रोख नेमका उलट दिशेस आहे. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा, परंतु हेतूचे कार्य न करणारा. म्हणजे इंग्रजी शब्द परिणामाची ग्वाही देतो, तर मराठी शब्द परिणामाविषयी संशय उत्पन्न करतो. अर्थात् आमच्याच परंपरेत या संशयाला उत्तरही आहे. दोरीवर भासलेला सर्प मिथ्या असला, तरी त्याच्या भयाने अंगाला सुटलेला कंप मिथ्या नसतो, हे वेदान्ताचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे विशेषण मराठीत प्रथम स्थिरावले ते संगणकाच्या नव्हे, तर प्रकाशशास्त्राच्या परिभाषेत. सपाट आरशात दिसणारी, परंतु पडद्यावर धरता न येणारी प्रतिमा ती ‘आभासी प्रतिमा’, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. या आरशाची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, मेंदूच्या व मज्जारज्जूच्या विकारांनंतर करावयाच्या उपचारांत ‘आभासी वास्तव’ या एकाच नावाखाली किमान तीन भिन्न गोष्टी वावरत आल्या आहेत. आणि त्या एकाच नावाने मोजल्या गेल्यामुळे त्यांच्या गुणावगुणांचा निर्णय दीर्घकाळ संदिग्ध राहिला. यंत्रांचा इतिहास येथे दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की, रुग्णास गुण येतो तो आभासामुळे, की त्या आभासाच्या निमित्ताने त्याच्याकडून घडणाऱ्या अभ्यासामुळे?

‘अभ्यास’ हा शब्द येथे मी विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या अर्थाने योजीत नाही. अभि आणि अस् म्हणजे ‘फेकणे’, यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा जुना अर्थ ‘पुनःपुन्हा करणे’ हा आहे. पाणिनीय व्याकरणात तर धातूचे द्वित्व होते तेव्हा त्यातील पहिल्या अवयवास ‘अभ्यास’ हीच पारिभाषिक संज्ञा आहे. पुनरावृत्ती हाच त्याचा गाभा. भौतिकोपचाराच्या इतिहासाचा गाभाही तोच आहे.

पक्षाघाताला आपल्याकडे ‘अर्धांगवायू’ म्हणतात. या नावात अर्धे अंग आहे, वायू आहे. मेंदू कोठेच नाही. युरोपातही हा रोग मेंदूच्या अमुक एका भागाशी नेमकेपणाने जोडला जाण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १८६१ मध्ये पॉल ब्रोका याने वाचेचे केंद्र दाखविले आणि १८७० मध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागास विद्युत्प्रवाहाने उद्दीपित करून अवयवांच्या हालचाली घडविल्या. मात्र या शोधांनी निदान जितके स्पष्ट झाले, तितकीच आशा मावळली. जागा निश्चित, म्हणजे नुकसानही निश्चित, असा तर्क झाला. सांतियागो रामोन इ काहाल यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९१३-१४ च्या आपल्या ग्रंथात प्रौढ मज्जामार्ग हे पूर्ण झालेले व न बदलणारे आहेत, असा निर्णय नोंदविला. पुढील काळातच याविषयी संशोधकांनी काही करावे, अशी पुस्तीही त्याने जोडली होती; परंतु निर्णय लोकांच्या लक्षात राहिला, पुस्ती राहिली नाही.

या निराशेच्या काळात स्वित्झर्लंडमधील हायडेन या लहानशा गावी हाइनरिख फ्रेंकेल नावाचा एक वैद्य टेबीजच्या रुग्णांवर उपचार करीत होता. उपदंशाच्या उत्तरावस्थेत मज्जारज्जूचा मागील भाग झिजतो व पाय कोठे आहे याची आतून मिळणारी जाणीव नाहीशी होते. स्नायू बळकट असूनही माणूस झिंगल्यासारखा चालतो. त्या रोगाचे हे रुग्ण. हकीकत अशी सांगतात की, बोटाने नाकास स्पर्श करण्याच्या परीक्षेत एक रुग्ण साफ चुकला, आणि काही महिन्यांनी परत आला तेव्हा तीच कृती बरीच नीट करू लागला. चौकशी केली असता, परीक्षेत उत्तीर्ण व्हावे म्हणून आपण घरी तिचा सराव करीत होतो, असे त्याने सांगितले. फ्रेंकेलने या उत्तराचे मर्म ओळखले. १८९० मध्ये त्याने आपली पद्धती प्रसिद्ध केली. जमिनीवर रेषा व पाउलखुणा आखावयाच्या, रुग्णाने डोळ्यांनी पाहत मोजून त्यांवर पाय टाकावयाचा आणि हे शेकडो वेळा करावयाचे. आतून येणारी खबर बंद पडली, म्हणून बाहेरून, दृष्टीच्या मार्गाने, ती पुरवावयाची. आजही आपल्याकडील भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात ‘फ्रेंकेलचे व्यायाम’ शिकविले जातात. आभासी वास्तवाचा इतिहास लिहिणारे बहुधा चित्रपट, वैमानिकांची कृत्रिम विमाने व संगणक यांपासून आरंभ करतात. माझ्या मते आपल्या विषयापुरता तरी तो हायडेनच्या त्या आखलेल्या फरशीपासून करणे अधिक न्याय्य होईल. कारण दृष्टीस मुद्दाम रचलेले काही दाखवून मज्जासंस्थेस काम करावयास लावण्याची युक्ती तेथे पूर्णत्वाने आहे.

अभ्यासाची बाजू प्रयोगशाळेत हळूहळू बळकट होत गेली. १८९५ मध्ये मॉट व शेरिंग्टन यांना आढळले की, माकडाच्या हाताकडून येणाऱ्या संवेदनांचे मज्जातंतू कापले असता ते माकड तो हात वापरणेच सोडून देते. १९१७ मध्ये ऑग्डेन व फ्रांझ यांनी अर्धांग लुळे पडलेल्या माकडांचे चांगले अंग बांधून ठेवले, तेव्हा लुळे अंग कामास लागले. हा शोध जवळजवळ विस्मरणात गेला. पुढे एडवर्ड टाउब याने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हाच धागा उचलला व ‘शिकलेली अनुपयोगिता’ ही कल्पना मांडली: हात निकामी झाला म्हणून वापरला जात नाही हे अर्धसत्य असून, आरंभी वापर फसला म्हणून न वापरण्याची सवय जडते, हे त्याचे दुसरे अर्ध होय. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो व त्याच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या मेंदूतील हाताच्या प्रदेशात लहानशी इजा करून दाखविले की, ज्यांना लहान खळग्यांतून खाद्य उचलण्याचा सराव दिला त्यांच्या मेंदूत हाताचा उरलेला प्रदेश टिकून राहतो, किंबहुना कोपर व खांदा यांच्या हद्दीत पसरतो. सराव न दिलेल्यांत तो आणखी आक्रसतो. ‘पुनर्वसन’ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकास कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावे आधी आठवतात, रुग्णालय नंतर. मूळ इंग्रजी शब्दाचा संबंध गेलेले हक्क व प्रतिष्ठा परत मिळण्याशी होता, वसतीशी नव्हता. तरीही नुडोच्या माकडांचा मेंदू पाहता, विस्थापित बोटांना शेजारच्या जमिनीवर वसविले गेले, हे आपल्या शब्दाने अधिक चांगले सांगितले आहे.

मग अडचण कोठे आहे? ती संख्येत आहे. प्राण्यांवरील या प्रयोगांत एकेका दिवशी शेकडो आवर्तने होतात. कॅथरिन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडा येथील सात केंद्रांतील ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण करून २००९ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव सुमारे अर्ध्याच सत्रांत होत होता. आणि जेथे होत होता, तेथे त्याची सरासरी आवर्तने होती ३२. दिवसाकाठी बत्तीस वेळा हात उचलून मेंदूचा नकाशा बदलेल, अशी अपेक्षा करणे म्हणजे बत्तीस वेळा पाढा म्हणून गणिती होण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. रुग्ण कंटाळतो, उपचारक थकतो, वेळ संपतो. आभासी वास्तवाचे आगमन झाले ते या पोकळीत.

यंत्राची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जाऊ. आयव्हन सदरलंड याने १९६५ मध्ये एका लहान निबंधात संगणकनिर्मित जगात प्रवेश करून देणाऱ्या प्रदर्शकाची कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये डोक्यावर चढवावयाचे यंत्र प्रत्यक्ष दाखविले. डोक्याची हालचाल मोजणारी त्याची यांत्रिक दांडी छताला टांगलेली असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅरन लॅनियर याच्यामुळे ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. त्याचा फ्रेंच पूर्वज मात्र संगणकाच्या आधीचा आहे. आंतोनँ आर्तो याच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो रंगभूमीच्या संदर्भात येतो. १९९६ मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथे अपंगत्व आणि आभासी वास्तव या विषयावरील पहिली युरोपीय परिषद भरली. येथून या विषयास स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

योगायोग असा की, त्याच वर्षी विलायनूर रामचंद्रन व डायान रॉजर्स-रामचंद्रन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपला प्रसिद्ध प्रयोग मांडला. हात कापला गेला तरी तो आहेच असे कित्येकांना जाणवते. काहींना त्या नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळल्याची असह्य वेदना होते. रामचंद्रन दांपत्याने एका खोक्यात आरसा उभा केला व रुग्णास चांगला हात आरशासमोर अशा रीतीने ठेवावयास सांगितला की, त्याचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसावे. चांगली मूठ उघडली की आरशातील मूठ उघडे. आणि कित्येक रुग्णांना नसलेली मूठही उघडल्याचे जाणवे. दहा रुग्णांपैकी सहांना नसलेला हात हलल्याचा अनुभव आला. या खोक्यास त्यांनी दिलेले नाव विशेष लक्षणीय आहे. ते त्यास ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ची पेटी म्हणतात. त्यात ना वीज, ना संगणक. शालेय पुस्तकातील आभासी प्रतिमा तेवढी होती. १९९९ मध्ये एरिक आल्टशुलर व इतरांनी पक्षाघाताच्या नऊ जुन्या रुग्णांवर आरसा व पारदर्शक फलक यांची तुलना करून पाहिली व आरशाच्या बाजूने कौल दिला. येथे खरोखर आभासच औषध आहे. आरसा काढून पारदर्शक काच ठेवली तर हालचाली तेवढ्याच होतात, परंतु भूल पडत नाही. गंमत अशी की, पुढे या पद्धतीचे नाव बदलले. ‘आरसा-उपचार’ या वेगळ्या नावाने तिची वेगळी खातेवही उघडली गेली, आणि २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत ६२ अभ्यासांच्या आधारे तिला बऱ्यापैकी अनुकूल निर्णय मिळाला. ‘आभासी वास्तवा’च्या खात्यात त्यातील एक पैही जमा झाली नाही.

दुसरी वाट मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील भौतिकोपचारतज्ज्ञ मॉरीन होल्डन यांची. भौतिकोपचाराच्या अध्यापनसंशोधनातून आलेल्या व्यक्तीने या यंत्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा त्यांचे काम हा उत्तम नमुना आहे. एमान्युएल टोडोरोव व एमिलियो बिझी यांच्यासमवेत त्यांनी १९९९ मध्ये पक्षाघाताच्या दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पडद्यावर एक टपालपेटी व एक पाकीट. रुग्णाच्या हातातील वस्तूच्या हालचालीबरोबर पडद्यावरील पाकीट हलते. पाकीट पेटीच्या फटीत सरकविण्यासाठी हात कोणत्या मार्गाने जावा, हे एक अदृश्य शिक्षक पडद्यावर करून दाखवितो, आणि रुग्णाने त्याच्या मार्गाशी आपला मार्ग जुळवावयाचा. येथे आभास रुग्णास भुलवीत नाही. तो त्यास शिकवितो. गुरूचा हात आपल्या हातावर ठेवलेला दिसावा, तसे हे आहे. प्रत्यक्षात कोणताही शिक्षक आपला हात विद्यार्थ्याच्या हाताच्याच जागी ठेवू शकत नाही. पडद्यावरील शिक्षकाला ती सवलत आहे. होल्डन यांनी लगेच विचारलेला प्रश्न मात्र यंत्राचा नव्हे, भौतिकोपचाराचा होता: पडद्यावरील पेटीत टाकता आले, तर खऱ्या पेटीत टाकता येते काय? त्या दोघांपुरते तरी उत्तर होकारार्थी आले. संक्रमणाचा हाच प्रश्न त्यांनी २००५ च्या आपल्या समीक्षेत साऱ्या क्षेत्रापुढे ठेवला.

यानंतर बाजार आला. २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे खेळयंत्र विक्रीस निघाले. हात हलवून पडद्यावर टेनिस खेळता येणारे हे स्वस्त यंत्र थोड्याच काळात अनेक देशांच्या रुग्णालयांत पोहोचले. गुस्तावो सपोस्निक यांनी २०१० मध्ये २२ रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत त्याचे अनुकूल फल नोंदविले. पण त्यांचे खरे श्रेय पुढील चाचणीत आहे. चार देशांतील चौदा केंद्रांतून, पक्षाघात होऊन तीन महिने न झालेले १४१ रुग्ण घेण्यात आले. सर्वांना नेहमीचे उपचार चालूच होते. त्याखेरीज एका गटाला दोन आठवड्यांत एकेका तासाची दहा सत्रे खेळयंत्रावर, तर दुसऱ्यास तेवढाच वेळ पत्ते, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असल्या साध्या करमणुकी. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गट सुधारले. खेळयंत्राचे आधिक्य आढळले नाही.

या निष्कर्षाने अनेकांची निराशा झाली. मला तो या साऱ्या इतिहासातील सर्वात बोलका निष्कर्ष वाटतो. पत्ते पिसणाऱ्या हातासही गुण आला, कारण पत्ते पिसणे हाही अभ्यासच आहे. पडद्यावरील टेनिसमध्ये आभास होता, परंतु तो केवळ प्रलोभन होता. रुग्णाच्या हाताचे काय चुकते हे त्यास ठाऊक नव्हते. मनगटाच्या एका झटक्याने चेंडू परतविता येत असेल, तर कोपर सरळ करण्याचे कष्ट रुग्ण का घेईल? होल्डन यांच्या टपालपेटीपुढे अशी पळवाट काढणे अवघड होते.

तिसरी गोष्ट रस्त्याची. अनात मिरेलमान, जेफ्री हाउसडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील ३०२ वृद्धांवर केलेली चाचणीही २०१६ सालचीच. यांत पार्किन्सन विकाराचे रुग्ण पुष्कळ होते, व सर्वांना वारंवार पडण्याचा पूर्वानुभव होता. सर्वजण सहा आठवडे फिरत्या पट्ट्यावर चालत. फरक इतकाच की, निम्म्यांच्या समोर पडद्यावर वाट दिसे, तीत अडथळे येत, वळणे येत, कोणत्या बाजूने जावे याचा निर्णय करावा लागे, आणि रुग्णाचे स्वतःचे पाय त्या वाटेवर चालताना दिसत. पुढील सहा महिन्यांत नुसत्या पट्ट्यावर चाललेल्यांपेक्षा हे लोक स्पष्टपणे कमी वेळा पडले. पावलांची संख्या दोन्हीकडे सारखीच. अधिक होते ते अवधान. माणूस पडतो तो पायाच्या दुर्बलतेने जितका, तितकाच पाय टाकताना मन दुसरीकडे असल्याने. आणि ही स्थिती रुग्णालयाच्या सपाट, मोकळ्या खोलीत निर्माण करता येत नाही. येथे आभास प्रलोभन नाही, भूलही नाही. जे सुरक्षितपणे खोलीत आणता येत नाही, ते आणण्याचे तो साधन आहे.

आता हिशेब कसा मांडला गेला ते पाहा. पक्षाघातानंतरच्या आभासी वास्तवाविषयीची कॉक्रेन समीक्षा ऑस्ट्रेलियातील केट लेव्हर यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये प्रथम निघाली, तेव्हा तीत १९ चाचण्या होत्या. २०१७ मध्ये त्या ७२ झाल्या, रुग्ण २४७०. आणि निर्णय असा की, हाताच्या कार्यासाठी हा उपचार रूढ उपचाराहून सरस नाही, मात्र नेहमीच्या उपचारात भर म्हणून दिल्यास, म्हणजे एकूण वेळ वाढल्यास, लाभ संभवतो. २०२५ च्या आवृत्तीत १९० चाचण्या व ७१८८ रुग्ण आले, आणि निर्णय ‘किंचित लाभ’ येथवर सरकला. समीक्षकांचे काम काटेकोर आहे, यात शंका नाही. भिन्नतेची जाणीव त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. तथापि एकत्र करण्याचे तत्त्व शेवटी नावाचे होते: ज्यास आभासी वास्तव म्हटले गेले, ते एका राशीत. पडद्यावरील टेनिस आणि होल्डन यांच्या परंपरेतील मार्गदर्शक पडदा यांची सरासरी काढली, तर ती किंचितच भरणार. २०१९ मध्ये मार्टिना मायर, पॉल व्हर्शूर प्रभृतींनी मज्जाविकारांसाठी मुद्दाम रचलेली यंत्रणा व बाजारातील सर्वसाधारण खेळ यांना अलग काढले, तेव्हा पहिलीचा लाभ दिसला, दुसऱ्यांचा दिसला नाही. सामान्यनाम हे वर्गीकरणाचे साधन आहे. पण ते पदार्थातील साम्य पाहून दिलेले असते, की त्यांना दाखविणारा पडदा एक आहे म्हणून, याची तपासणी कोणी तरी करावयास हवी. ती भाषाशास्त्रज्ञाने केली म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञांनी रागावू नये.

मराठीपुरते सुचवावयाचे तर, भूल घालणाऱ्या पहिल्या प्रकारास ‘प्रतिबिंबोपचार’, मार्ग दाखविणाऱ्या दुसऱ्यास ‘दर्शितानुकरण’ व परिसर आणणाऱ्या तिसऱ्यास ‘कल्पित परिसर’ म्हणता येईल. नुसत्या खेळास खेळ म्हणावे. त्यास वेगळ्या संज्ञेची गरज नाही, आणि प्रतिष्ठेचीही नाही. ‘आभासी वास्तव’ हा शब्द यंत्रापुरता ठेवण्यास हरकत नाही.

तिसऱ्या प्रकाराच्या बाबतीत आपल्याकडे पुष्कळ काम शिल्लक आहे. युरोपातील पडद्यावरची वाट येथे जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. साताऱ्याच्या वा लातूरच्या वृद्धास एस.टी.च्या उंच पायरीवर चढावयाचे असते, पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून जावयाचे असते, आडव्या बसलेल्या जनावरास वळसा घालावयाचा असतो, जमिनीवरून बैठक मोडून उठावयाचे असते. ही यादी तयार करताना रुग्णाच्या तोंडचे शब्द टिपून घेणे इष्ट होय. रुग्णालयाच्या तक्त्यावर ‘पडला’ एवढीच नोंद होते. मराठी बोलणारा रुग्ण मात्र ठेचकाळलो म्हणतो, अडखळलो म्हणतो, घसरलो म्हणतो, झोक गेला म्हणतो, पायात पाय अडकला म्हणतो. लटपटणे वेगळे, खुरडणे वेगळे, फरफटणे वेगळे. ठेचकाळणाऱ्याचा पाय पुरेसा उचलला जात नाही. झोक जाणाऱ्याचा तोल वळताना सुटतो. अडखळणाऱ्याचे अवधान उंबरठा येण्यापूर्वीच दुसरीकडे गेलेले असते. प्रत्येकासाठी पडद्यावर मांडावयाचा अडथळा निराळा. असा शब्दसंग्रह बोलीनिहाय करता येण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक वही व ऐकून घेण्यास सवड असलेला विद्यार्थी.